मार्लवाईचे केंद्र : एका कुडाच्या वास्तूचा इतिहास

हैदराबाद संस्थानातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सार्वजनिक वास्तू म्हणून जी दाखविली जात असे ती बहुधा तहसील कचेरी असे : चुन्यात रचलेल्या जाड दगडी भिंती, उन्हाळ्याचा ताप आत उतरू नये म्हणून उंच घेतलेले छत, समोर कमानींची ओसरी, आणि त्या ओसरीवर आपल्या अर्जावर शेरा केव्हा पडतो याची वाट पाहत दिवस दिवस बसून राहिलेली रयत. इचोड्याच्या परिसरातील जुन्या सार्वजनिक वास्तूंविषयी स्मरणिकेत लिहावयाचे म्हटले, की अशाच एखाद्या कचेरीचे वर्णन वाचकास अपेक्षित असणार. परंतु या मुलखाच्या सार्वजनिक जीवनावर ज्या वास्तूचा ठसा माझ्या मते सर्वांत खोल उमटला, तिच्यात दगड नव्हता, चुना नव्हता आणि कमान तर नव्हतीच. सागाच्या मेढी, बांबूच्या कामट्यांचा कूड आणि गवताचे छप्पर एवढ्याच सामग्रीवर ती उभी होती. इचोड्याच्या पूर्वेस, उटनूरच्या पलीकडच्या डोंगराळ भागात, जैनूरजवळ वसलेल्या मार्लवाई या गोंड वस्तीत १९४३ साली सुरू झालेल्या गोंड शिक्षक-प्रशिक्षण केंद्राची ही हकीकत आहे.

हे केंद्र तेथेच आणि तेव्हाच का निघाले, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. ज्याला आपण आदिलाबाद जिल्हा म्हणतो तो मुलूख १९०५ पर्यंत सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जात असे, आणि त्या वर्षी त्यास पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. जिल्हा झाला याचा अर्थ महसुलाची यंत्रणा आली. अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिरदावर, पटवारी ही उतरंड, आणि तिच्या जोडीला जंगल खात्याचे नाकेदार व चौकीदार, ज्या डोंगरांत पूर्वी राज गोंडांचे मोकाशी आणि पटेल आपापल्या रिवाजाने कारभार पाहत तेथे येऊन पोहोचले. पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून आणि मराठवाड्यातून नवीन शेतकरी येऊ लागले, काळ्या जमिनीचा भाव वाढला, आणि जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा त्या सीमेच्या आत कित्येक गोंड व कोलाम गावांची नांगरटीची जमीनही गेली.

या सर्व घडामोडीत गोंड शेतकऱ्याची जी हानी झाली तिचे मूळ कागदात होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याकडे पट्टा नसे. तो 'शिवाय-जमाबंदी' म्हणून, म्हणजे सरकारच्या मर्जीने आणि वर्षापुरता, ती कसत असे. साऱ्याची पावती त्याच्या हाती पडे, पण तीवर आपले नाव आहे की दुसऱ्याचे, हे त्यास वाचता येत नसे. कारभाराची भाषा उर्दू होती, गावदप्तर पटवाऱ्याच्या हाती होते, आणि सावकाराच्या वहीत जे लिहिले जाई ते मराठीत लिहिले जाई. येथे मराठी माणसाने एक गोष्ट स्पष्टपणे कबूल केली पाहिजे. आपली भाषा या डोंगरांत प्रथम पोहोचली ती बाजाराची आणि कर्जरोख्याची भाषा म्हणून. तिच्यामागून जे आले त्यांतले काही फार चांगले होते, पण क्रम हाच होता.

१९४० साली कुमरम भीम याच्या नेतृत्वाखाली बाबेझरी-जोडेघाटच्या डोंगरातील गोंडांनी जंगल खात्याच्या आणि महसूल खात्याच्या जाचाविरुद्ध जो उठाव केला, त्याचा शेवट सशस्त्र पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि त्यात भीम आपल्या साथीदारांसह मारला गेला. आश्विन पौर्णिमेस जोडेघाटी त्याचा स्मृतिदिन पाळला जातो. पुढे जे केंद्र निघाले ते सरकारच्या अंतःकरणात एकाएकी उपजलेल्या करुणेचे फळ नव्हते. त्यामागे हे रक्त होते, आणि पुन्हा असे घडू नये ही राज्यकर्त्यांची चिंता होती. तथापि चिंतेपोटी का होईना, सरकारने जो मनुष्य चौकशीस पाठविला तो सामान्य चौकशी-अधिकारी निघाला नाही, हे या जिल्ह्याचे भाग्य म्हटले पाहिजे.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे. जन्म २२ जून १९०९ चा. नागा टेकड्यांत १९३६-३७ साली त्यांनी केलेल्या अभ्यासाने मानववंशशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले होते. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ते भारतात होते, आणि ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालेला असल्यामुळे जर्मन पारपत्राचा धनी म्हणून त्यांची गणना शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनांत झाली. ब्रिटिश हद्दीत मुक्त संचार करण्याची सोय उरली नाही. निजामाच्या राज्यात राहून काम करण्याची मात्र मुभा मिळाली. या बंधनामुळेच चेंचू, कोंडा रेड्डी आणि राज गोंड या संस्थानातील तीन समाजांचा त्यांच्या हातून वर्षानुवर्षे सलग अभ्यास घडला. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ, ज्यांना सर्व जण बेट्टी म्हणत, या सर्व भटकंतीत बरोबरीने होत्या. त्या स्वतः अभ्यासक होत्या, आणि दक्षिण आशियाविषयीच्या मानववंशशास्त्रीय लेखनाची त्यांनी केलेली विस्तृत सूची आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. हैदराबाद सरकारात त्या वेळी महसूल व पोलीस खात्याचा कारभार डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्याकडे आला होता. बस्तरमध्ये दिवाण म्हणून राहिलेला आणि तेथील माडिया गोंडांवर १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केलेला हा अधिकारी असल्यामुळे, डोंगरातून आलेला अहवाल दप्तरात बांधून ठेवला गेला नाही, वाचला गेला.

हायमेनडॉर्फ दांपत्याने मुक्कामासाठी तालुक्याचा डाकबंगला न निवडता मार्लवाई हे गाव निवडले, आणि तेथे जे घर बांधले ते गावाच्या इतर घरांसारखे बांधले. या बांधणीविषयी जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुढे केंद्राची जी वस्ती वाढली तिची घडणही याच जातीची होती. गोंडांचे घर प्रथम मेढींवर उभे राहते. सागाचे, वाळवी सहसा न लागणारे खांब जमिनीत पुरून त्यांच्या बेचक्यांवर आढे ठेवतात, आढ्यावरून दोन्ही पाख्यांना वासे सोडतात, आणि छपराचा सगळा भार या सांगाड्यावरच असल्यामुळे भिंत ही केवळ आडोसा असते. ती कुडाची : चिरलेल्या बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या विणून दोन मेढींमध्ये बसवावयाच्या, आणि भुसा मिसळून मळलेल्या मातीचा जाड लेप आतून बाहेरून द्यावयाचा. लेप वाळून त्याला भेगा पडल्या की वर शेणमातीचा पातळ हात फिरवावयाचा. गवताचे छप्पर वळचणीपाशी इतके खाली उतरते की आत शिरताना वाकावे लागते, आणि त्या खोल वळचणीमुळे पावसाची झड कुडापर्यंत पोहोचत नाही. पुढे ओसरी असते. घरातील बहुतेक व्यवहार तेथेच चालतात, आणि परगावचा माणूस येऊन बसतो तोही तेथेच.

अशा घराला दर वर्षी हात लावावा लागतो. पावसाळा सरला की कूड पुन्हा लिंपावा लागतो, काही वर्षांनी गवत बदलावे लागते. दगडी इमारत एकदा बांधली की बांधणारा मोकळा होतो. कुडाची इमारत राहणाऱ्याला मोकळे होऊ देत नाही, आणि म्हणूनच ती ज्यांची आहे त्यांचीच राहते. मार्लवाईला शिकावयास येणारा गोंड तरुण अनोळखी वास्तूत पाऊल ठेवीत नव्हता. ज्या छपराखाली तो जन्मला तसल्याच छपराखाली तो येऊन बसत होता, आणि त्याची दुरुस्ती कशी करावयाची हे त्याला शिकविणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. सरकारी इमारतीत आजवर त्याने जो संकोच अनुभवला होता तो येथे दारातच गळून पडला असला पाहिजे. स्थापत्याचा उत्कर्ष उंचीने आणि खर्चाने मोजणाऱ्यांस हे केंद्र वास्तू या संज्ञेसही पात्र वाटणार नाही, पण ज्या कार्यासाठी घर बांधावयाचे त्या कार्याला ते किती अनुरूप आहे ही कसोटी लावली, तर संस्थानातील फार थोड्या सार्वजनिक इमारती मार्लवाईच्या पंक्तीला बसतील.

शिक्षणयोजनेपुढे पहिला पेच होता तो शिक्षकांचा. बाहेरून आणलेला शिक्षक डोंगरात टिकत नसे, त्याला गोंडी येत नसे आणि मुलांना उर्दू येत नसे. म्हणून शाळा काढण्याआधी गोंड शिक्षकच तयार करावयाचे, असा उलटा परंतु शहाणपणाचा क्रम ठरविण्यात आला. लिहितावाचता येणारे गोंड त्या काळी अगदी मोजके, आणि ज्यांना काही अक्षरओळख होती त्यांची ती मराठीतून झालेली होती. या मोजक्यांतूनच शिक्षकांची पहिली तुकडी उभी करण्यात आली. काही महिन्यांच्या तयारीनंतर ते आपापल्या गावांकडे जाऊन शाळा चालवू लागले, आणि त्या शाळांतून पुढे आलेली मुले पुन्हा केंद्रात दाखल होऊ लागली. यांतूनच पुढे गावकामगार आणि जंगल खात्याचे शिपाईही निघाले. ज्या दप्तराला बाप भीत असे त्याच दप्तरात मुलगा लिहू लागला.

दुसरा पेच लिपीचा होता, आणि मराठी वाचकाला या इतिहासात सर्वांत जवळचा वाटावा असा भाग हाच आहे. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तेलुगूशी तिचे नाते आहे, मराठीशी कुळाचे नाते नाही. राज्याची भाषा उर्दू, म्हणून सरकारी सोय पाहिली असती तर उर्दू लिपी आली असती. भाषाकुळ पाहिले असते तर तेलुगू लिपी आली असती, आणि ध्वनींच्या दृष्टीने तीच अधिक बिनचूक ठरली असती, कारण गोंडीत 'ए' आणि 'ओ' हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही प्रकारचे आहेत, तेलुगूत त्यांना निराळी चिन्हे आहेत, आणि देवनागरीच्या प्रचलित वर्णमालेत ती नाहीत. तरीही गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. कारण साधे होते. आठवड्याच्या बाजारात, सावकाराच्या पेढीवर, शेजारच्या कुणब्याच्या घरी जे अक्षर गोंडाच्या दृष्टीस पडत असे ते देवनागरी होते. शिवाय गोंडांचे परंपरागत भाट असलेले परधान, जे किंगरीच्या साथीवर गोंड वीरांच्या आणि देवतांच्या कथा गातात, त्यांची घरची बोली या भागात मराठीच आहे. शिकलेले अक्षर शाळेच्या दाराबाहेर पडल्याबरोबर उपयोगी पडावे, या हेतूने अधिक शास्त्रशुद्ध लिपी बाजूस सारून अधिक ओळखीची लिपी निवडण्यात आली.

क्रम असा होता की मूल प्रथम आपल्याच भाषेत, गोंडीत, वाचावयास शिके, आणि अक्षर हाताखाली आल्यावर मग मराठीकडे व उर्दूकडे वळे. मातृभाषेतून आरंभ करण्याचा हा विचार आज सर्वमान्य वाटतो, पण १९४३ साली, आणि तोही ज्या भाषेत छापील वाङ्मयाची परंपरा नाही अशा भाषेच्या बाबतीत, तो अमलात आणणे ही धाडसाची गोष्ट होती. देवनागरीने येथे गोंडीची जागा घेतली नाही, तिला चालावयास वाट करून दिली. मराठीच्या इतिहासात तिच्या लिपीने दुसऱ्या भाषेची अशी निरपेक्ष सेवा केल्याचे प्रसंग विपुल नाहीत, आणि म्हणून या पुस्तिकांची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांत न व्हावी याचे मला वारंवार आश्चर्य वाटते.

या कार्यात एका मराठी माणसाचा वाटा फार मोठा आहे. सेतुमाधवराव पगडी यांना महाराष्ट्र ओळखतो तो शिवकालाचे व मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून, फार्सी साधनांचे अनुवादक म्हणून आणि उर्दू काव्याचे रसिक भाष्यकार म्हणून. परंतु निलंग्यास २७ ऑगस्ट १९१० रोजी जन्मलेले आणि हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत गेलेले पगडी तारुण्याच्या भरात आदिलाबादच्या डोंगरांत समाजसेवा खात्याचे अधिकारी होते, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांतही फारशी कोणाच्या ध्यानी नसते. घोड्यावरून वा पायी गावोगाव हिंडून जमिनीचे तंटे ऐकणाऱ्या या अधिकाऱ्याने गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या, आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, कोलामीचे व्याकरण १९५० साली आणि गोंडीचे १९५४ साली प्रसिद्ध केले. द्राविड भाषांच्या व्युत्पत्तिकोशात बरो आणि एमेनो या जगन्मान्य पंडितांनी आधार म्हणून ज्या ग्रंथांची नावे दिली आहेत त्यांत पगडींची ही व्याकरणे आहेत. महसुली अधिकाऱ्याने रयतेच्या भाषेचे व्याकरण लिहावे, आणि ते विद्वानांच्या उपयोगी पडावे इतके चोख लिहावे, हे आजच्या कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने वाचून ठेवण्यासारखे आहे.

शिक्षण आणि जमीन या दोन गोष्टी मार्लवाईने एकमेकींपासून वेगळ्या मानल्या नाहीत, आणि केंद्राच्या यशाचे रहस्य बहुधा हेच असावे. वाचता येणाऱ्या मुलाच्या बापाजवळ पट्टाच नसेल तर त्याने वाचावयाचे काय? चाळीसच्या दशकात गोंड व कोलाम कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर पट्टे देण्यात आले. फसली १३५६ चा, म्हणजे इसवी सन १९४६-४७ चा, आदिवासी क्षेत्रांविषयीचा कायदा याच प्रयत्नांतून आला आणि त्यापुढे १९४९ चे नियम झाले. केसलापूरला पुष्य अमावस्येस भरणाऱ्या मेस्राम कुळाच्या नागोबाच्या जत्रेत सरकारी अधिकाऱ्यांनी दरबार भरवून लोकांच्या तक्रारी जागेवर ऐकाव्यात ही प्रथाही याच काळात पडली, आणि ती अद्याप चालू आहे.

पोलीस कारवाईनंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सांगावयास सुख वाटत नाही. संस्थान गेले, उर्दू गेली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे त्रिभाजन झाले तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, तर इचोड्यासह बोथचा भाग आंध्र प्रदेशात राहिला. शाळांचे माध्यम तेलुगू झाले. गोंडीतून पहिले अक्षर शिकविण्याची पद्धत सोडून देण्यात आली आणि ती वाचनपुस्तके वापरातून गेली. कोणी द्वेषाने हे केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या राज्याला एक शिक्षणभाषा हवी होती, आणि डोंगरातल्या मुलांची भाषा निराळी आहे याचा विचार करण्यास कोणी थांबले नाही, एवढेच. पुढे रस्ते झाले, बाहेरच्या वस्त्या वाढल्या, आणि पट्ट्यांवर मिळालेल्या जमिनीही पुष्कळ ठिकाणी हातच्या गेल्या. १९७० नंतर पुन्हा या भागात येऊन हायमेनडॉर्फ यांनी जे पाहिले ते त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आदिवासींच्या जीवनसंघर्षावरील ग्रंथात कोणाचीही भीड न ठेवता लिहिले आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीस जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हाही मुळाशी जमीनच होती.

बेट्टी हायमेनडॉर्फ ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत निवर्तल्या आणि त्यांचा देह मार्लवाईस आणून गोंड रिवाजाप्रमाणे भूमीत ठेवण्यात आला. हायमेनडॉर्फ स्वतः जून १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांचे अवशेष २०१२ साली मार्लवाईस आणून पत्नीच्या शेजारी ठेवले गेले. दर ११ जानेवारीस तेथे गोंड समाज जमतो, अधिकारीही येतात. २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेत मार्लवाई कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले आणि इचोडा आदिलाबादेत राहिले, त्यामुळे एकाच इतिहासाची कागदपत्रे येथून पुढे दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत विभागली जाणार, याकडे या कामात लक्ष घालणाऱ्यांनी वेळीच ध्यान द्यावे.

हायमेनडॉर्फ यांची छायाचित्रे, चित्रफिती आणि टिपणे लंडनमधील पौर्वात्य व आफ्रिकी अभ्यासाच्या विद्यालयात, जेथे ते पुढे प्राध्यापक होते, सुरक्षित आहेत. पण केंद्रात शिकलेल्यांच्या घरी जे असेल ते तेथे नाही. देवनागरीत छापलेले एखादे गोंडी वाचनपुस्तक, शिक्षकाच्या नेमणुकीचा हुकूम, शाळेची हजेरी, त्या काळच्या पट्ट्याची नक्कल, असे काही इचोडा, गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर या भागांतील कोणा कुटुंबात फडताळात वा पत्र्याच्या पेटीत असेल, तर ते मूळ कागद घरीच ठेवून त्यांची छायाप्रत तरी करून घ्यावी, आणि ज्या वृद्धांना त्या शाळांत बसल्याची आठवण आहे त्यांच्या तोंडून ती गोंडीतच उतरवून घ्यावी. येत्या पावसाळ्याआधी हे काम हाती घेतले गेले, तर या स्मरणिकेच्या पुढील आवृत्तीत मार्लवाईच्या इतिहासाचा जो भाग येथे लिहिता आला नाही तो ज्यांचा आहे त्यांच्याच शब्दांत छापता येईल.